देर्ती म्हणजे दर्द : रेबेतिकोच्या मागावर सहा दिवस

दिवस पहिला : अथेन्स

ताईने हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले, आणि मिनिटभरात तिच्या उजव्या हाताची बोटं काचेच्या कपाटाच्या कडेवर पेटी वाजवल्यासारखी हलायला लागली. "कोमल रिषभ, शुद्ध गंधार, धैवत-निषाद दोन्ही कोमल. अगं, हा तर बसंत मुखारी!"

समोर काचेमागे तीन जोडतारांची एक बुझुकी, लांब मानेचं ग्रीक तंतुवाद्य, उभी होती. ताई काय म्हणाली ते मी सोबतच्या बाईंना इंग्रजीत समजावलं. त्या इथल्या शाळेत संगीत शिकवतात. बाईंना ग्रीकमध्ये 'किरिया' म्हणतात, आणि पहिल्या तासापासून आम्ही त्यांना त्याच नावाने हाक मारत होतो. किरिया हसून म्हणाल्या, "आम्ही याला हित्झाझ म्हणतो. आणि राग या अर्थाचा आमचा शब्द आहे द्रोमोस. म्हणजे रस्ता." रास्त, उसाक, सबाह, हुझाम, हित्झाझकियार ही सगळी रस्त्यांची नावं. यातल्या हित्झाझकियारचे स्वर आपल्या भैरवाचे. गाण्याआधी वादक एकटाच त्या रस्त्यावरून फिरून येतो, ठेक्याशिवाय. त्याला 'ताक्सिमी' म्हणतात. ताईला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. आलाप तो आलाप.

हे लोकवाद्यांचं संग्रहालय प्लाका भागात, जुन्या रोमन बाजारपेठेच्या अवशेषांना लागून आहे. फिवोस अनोयानाकिस या संगीत-अभ्यासकाने आयुष्यभर जमवलेली सुमारे १,२०० वाद्यं त्याने देशाला दिली, त्यांतून ते उभं राहिलं. उद, सांतुरी, कानोनाकी, झुरनास. नुसती नावं वाचत गेलं तरी सुरनाई आणि संतूर ओळखीचे चेहरे घेऊन समोर येतात.

आम्ही इथे का आलो ते सांगते. दोनेक वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने मला एक ग्रीक गाणं ऐकवलं. १९५९ सालचं, स्तेलिओस काझांतझिदिस या गायकाचं, नाव 'मांदुबाला'. पहिल्या ओळीलाच मी ताठ बसले. ही तर 'आवारा'मधली लतादीदींची चाल, 'आ जाओ तडपते हैं अरमां'! आणि मांदुबाला म्हणजे आपली मधुबाला. शोधत गेले तसं कळलं की त्या काळात ग्रीसमध्ये हिंदी सिनेमांच्या चालींवर कितीतरी गाणी निघाली, आणि या गाण्यांवर जाहीरपणे तुटून पडलेला माणूस होता वासिलिस त्सित्सानिस. हा त्सित्सानिस कोण, हे बघायला गेले आणि रेबेतिकोत जाऊन पडले. बंदरांतलं, निर्वासितांच्या वस्त्यांतलं, तुरुंगांतलं, चरसच्या अड्ड्यांतलं ग्रीक शहरी गाणं. एके काळी पोलीस या गाण्याच्या मागे लागत. २०१७ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

दुसरं कारण ताई. भाऊजी गेल्यापासून दीड वर्ष तिने गाण्याचा क्लास बंद ठेवला होता. पेटीवरची धूळ मीच दोनदा जाऊन पुसून आले. शेवटी तिकिटं काढली आणि मग तिला सांगितलं.

रात्री जेवताना फावा मागवला. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. किरिया कागदी रुमालावर एकेक शब्द लिहून वाचून दाखवत होत्या. रेबेतिको गाण्यांत हे पावलोपावली येतात, म्हणाल्या. दुनियास. महालास. देर्ती. पहिला दुनिया, दुसरा मोहल्ला, हे लगेच कळलं. देर्तीला जरा अडलो. मनाला लागून राहिलेलं, आतून पोखरणारं दुःख, असं त्यांनी सांगितल्यावर ताई म्हणाली, "दर्द!" फारसीतून तुर्कीत, तुर्कीतून ग्रीकमध्ये. आणि फारसीतूनच आपल्याकडे.

"आमच्याकडे गाण्यातल्या चांगल्या श्रोत्याला दर्दी म्हणतात," ताईने सांगितलं.

"ज्याला दुखतं तो?"

"ज्याला कळतं तो."

किरियांनी तो शब्दही रुमालावर लिहून घेतला आणि रुमालाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

दिवस दुसरा : पिरेअस

अथेन्सहून पिरेअसच्या बंदराला जाणारी लोकल १८६९ पासून धावते. शेवटच्या स्टेशनाबाहेर पडलं की रस्त्यापलीकडे थेट बोटी. सप्टेंबर १९२२ मध्ये या धक्क्यावर काय दिसलं असेल, ते किरिया सांगत होत्या आणि आम्ही बोटींच्या पांढऱ्या भिंतींकडे बघत होतो.

स्मिर्ना, आजचं इझमीर, हे एजियन समुद्राच्या तुर्की बाजूचं भरभराटीचं बंदर. ग्रीक, आर्मेनियन, ज्यू, तुर्क, युरोपीय व्यापारी, सगळे तिथे एकत्र नांदत. ग्रीस-तुर्कस्तान युद्धात ग्रीक सैन्य हरलं, तुर्की फौजा शहरात शिरल्या आणि काही दिवसांत ग्रीक-आर्मेनियन वस्त्या जळून खाक झाल्या. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बोटींवर चढले. पुढे जानेवारी १९२३ मध्ये लोझानच्या करारात दोन्ही सरकारांनी माणसांची अदलाबदल कागदावर आणली. कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे ठरलं धर्मावरून. घरात फक्त तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात गेले. १९२८ च्या जनगणनेत ६२ लाखांच्या ग्रीसमध्ये १२ लाखांच्या वर निर्वासित होते. पाचातला एक. गोदामांत, चर्चमध्ये, नाटकगृहाच्या एकेका बॉक्समध्ये एकेक कुटुंब, असे दिवस त्यांनी काढले.

त्यांच्याबरोबर गाणंही आलं. स्मिर्ना आणि कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, इथल्या कॅफेंमध्ये व्हायोलिन, उद, कानोनाकी घेऊन बसणाऱ्या गाणाऱ्या पुढची ओळ सुचेपर्यंत 'अमान, अमान' अशी दयेची हाक लांबवत न्यायच्या. त्यावरून त्या कॅफेंचं नावच 'कॅफे अमान' पडलं. रोझा एस्केनाझी ही यातली मोठी गायिका, कॉन्स्टँटिनोपलमध्ये जन्मलेली ज्यू मुलगी. ती ग्रीकबरोबरच तुर्की आणि स्पॅनिश ज्यूंच्या लादिनो भाषेतही गायची. रिता अबात्झी स्मिर्नाची. या दोघींच्या तबकड्यांमागे स्मिर्नाचाच पानायोतिस तुंदास हा संगीतकार उभा होता. ताईने आदल्या दिवशी रोझाचं एक गाणं तीनदा ऐकलं. "श्रुती बघ कशा लावते," एवढंच म्हणाली.

पिरेअसचे स्थानिक गरीब, हमाल, खलाशी, 'मांगेस' म्हणवणारे वस्तीतले पठ्ठे वेगळंच वाजवत होते : बुझुकी आणि तिचा चिमुकला भाऊ बाग्लामास. त्यांचं गाणं खर्जातलं, कोरडं, कमी शब्दांचं. ही दोन गाणी या बंदरात एकमेकांशेजारी राहिली आणि एकमेकांत मिसळली. बुझुकीला पक्के पडदे असतात. व्हायोलिन आणि उदवरच्या मधल्या श्रुती त्यात हळूहळू गेल्या, आणि त्यांच्या जागी ठसठशीत लय आली. काय मिळालं आणि काय गेलं याचा हिशेब ताई परतीच्या गाडीतही करत होती. मला स्वतःला दोन्ही हवी आहेत. पण रोझाच्या गळ्यातला तो हलता गंधार पुन्हा कोणाच्या बुझुकीत सापडणार नाही, याचं वाईट वाटतंच.

दुपारी बसने निकाइयाला गेलो. जुनं नाव कोक्किनिया, निर्वासितांसाठी वसवलेलं उपनगर. वांगेलिस पापाझोग्लू इथे राहायचा. स्मिर्नाहून आलेला, तुंदासच्या तोडीचा संगीतकार. १९३६ च्या ऑगस्टमध्ये मेताक्सासची हुकूमशाही आली आणि पुढच्याच वर्षी प्रत्येक गाणं ध्वनिमुद्रणाआधी सरकारी सेन्सॉरपुढे ठेवायचा हुकूम निघाला. चरसची गाणी बंद, 'अमान'चं गाणं बंद, कारण ते पौर्वात्य, तुर्की, लाजिरवाणं. गंमत नव्हे, दैव म्हणा : १९३४ मध्ये तुर्कस्तानच्या सरकारनेही याच जातीचं जुनं संगीत रेडिओवरून बंद केलं होतं, कारण ते पुरेसं आधुनिक नव्हतं. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकाच सुराला घराबाहेर काढलं गेलं. पुष्कळांनी शब्द बदलून घेतले, पोटासाठी घ्यावेच लागले. पापाझोग्लूने गाणी सेन्सॉरकडे न्यायचं नाकारलं आणि तबकड्या करणंच सोडलं. १९४३ मध्ये, जर्मन ताब्यातल्या उपासमारीच्या काळात, तो गेला. या प्रवासात मी ज्यांच्याविषयी ऐकलं त्यांत हा माणूस मला सगळ्यांत जवळचा वाटतो.

निकाइयात त्या काळातली बैठी घरं थोडीच उरलीत, बाकी सगळ्या पाच मजली इमारती. एका कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात ऐंशीच्या पुढच्या एक आजी गल्ल्यावर बसल्या होत्या. आम्ही भारतातल्या, हे किरियांनी सांगताच त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि म्हणाल्या, "नर्गिस!" 'मदर इंडिया' १९६० च्या सुमारास ग्रीसमध्ये लागला तेव्हा त्याचं नाव होतं 'घामाने भिजलेली जमीन'. आजी आईबरोबर गेल्या होत्या. आई सिनेमाभर रडली, म्हणाल्या. कर्ज, सावकार, नवऱ्याविना मुलं वाढवणारी बाई, यात त्या बाईला अनोळखी असं काहीच नव्हतं. काझांतझिदिस निर्वासितांचाच मुलगा, अथेन्सजवळच्या नेआ इओनियातला. त्याने हिंदी चाल उचलली ती त्याच्या श्रोत्यांना परकी वाटलीच नाही. चाली घेताना आपल्या संगीतकारांची नावं तबकड्यांवर बहुधा आली नाहीत, हे चूकच. त्सित्सानिसचा राग मला समजतो. पण आजींच्या गालांवरचे ते दोन हात मी पाहिलेत.

रात्री बंदराच्या मागच्या गल्लीत एका छोट्या तावेर्नात, म्हणजे खाणावळीत, बसलो. चार वादक टेबलाभोवती खुर्च्यांवर, आपल्यातच गप्पा मारत बसावं तसे. ना माइक, ना मंच. अकराच्या सुमारास एका कोपऱ्यातून साठीचा एक माणूस उठला. जाड भिंगाचा चष्मा, करडा स्वेटर. त्याने बुझुकीवाल्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मधल्या मोकळ्या फरशीवर येऊन उभा राहिला. नऊ मात्रांचा ठेका सुरू झाला. ताई बोटांच्या पेरांवर मोजत होती : दोन, दोन, दोन, तीन. हा झेइबेकिको. पश्चिम अनातोलियातल्या झेइबेक नावाच्या सशस्त्र टोळ्यांवरून आलेलं नाव.

त्या माणसाने हात पसरले, खांद्याच्या उंचीवर, आणि नजर फरशीवर लावली. पहिल्या आवर्तनात तो जवळजवळ हललाच नाही. मग एक पाऊल, अर्धी गिरकी, तोल गेल्यासारखं झुकणं, आणि शेवटच्या तीन मात्रांत पुन्हा उभं राहणं. पाऊल कुठे पडणार ते त्यालाही आधी ठाऊक नसावं. एकदा तो गुडघ्यावर बसला, तळहाताने फरशीवर थाप मारली आणि उठताना चष्मा सावरला. कोणाकडेही पाहिलं नाही. गाणं संपल्यावर ताईचे हात टाळीसाठी वर आले, तेव्हा किरियांनी हळूच त्यांवर आपला हात ठेवला.

बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलं. झेइबेकिको एकट्याने नाचायचा. त्याने ते गाणं मागून घेतलेलं होतं. याला 'पारांगेलिया' म्हणतात. मागितलेलं गाणं तेवढ्या वेळापुरतं त्या माणसाचं. दुसऱ्याने फरशीवर पाऊल ठेवायचं नाही. जुन्या काळी यावरून चाकू निघत. आता तरुण मुलं सर्रास एकत्र नाचतात, टाळ्याही पडतात, पण या तावेर्नासारख्या जागी जुनी रीत पाळतात.

ताई स्टेशनपर्यंत गप्प होती.

दिवस तिसरा आणि चौथा : सिरोस

पिरेअसहून सिरोस बेटाला बोटीने चारेक तास लागतात. एर्मुपोली शहर बंदरातून टप्प्याटप्प्याने वर चढत जातं. दोन टेकड्या, उजवीकडच्या टेकडीवर ऑर्थोडॉक्स चर्च, डावीकडच्या आनो सिरोसवर कॅथलिक. आनो सिरोस म्हणजे वरचं सिरोस, व्हेनिसच्या लोकांच्या काळातलं गाव. ग्रीसमध्ये कॅथलिक थोडे, आणि त्यांना 'फ्रांगो', म्हणजे फिरंगी, म्हणत. मार्कोस वाम्वाकारिस इथला. १९०५ मध्ये गरीब कॅथलिक घरात जन्मला. वडील चामड्याच्या पिशवीचा पावा वाजवत आणि लहानगा मार्कोस त्यांना ढोलकीची साथ करी. बारा वर्षांचा असताना तो बोटीत लपून पिरेअसला पळाला. तिथे कोळशाची हमाली केली, मग कत्तलखान्यात कातडी सोलायचं काम. एकदा त्याने एकाची बुझुकी ऐकली आणि शपथ घेतली : सहा महिन्यांत हे वाजवायला शिकलो नाही तर कत्तलखान्यातल्या सुऱ्याने स्वतःचा हात तोडीन. हे त्याने आपल्या आत्मकथेतच सांगितलंय.

हात शाबूत राहिला. १९३४ मध्ये मार्कोस, योर्गोस बातिस, स्त्रातोस पायुम्झिस आणि अनेस्तिस देलियास अशा चौघांनी 'पिरेअसचं नामांकित चौकडं' उभं केलं. बुझुकीचा असा पहिला ताफा. त्यांतला देलियास सगळ्यांत लहान. हेरॉइनने त्याला धरलं आणि १९४४ मध्ये अथेन्सच्या रस्त्यावर तो मरून पडलेला सापडला.

आनो सिरोसला गाडी जात नाही. पायऱ्या, कमानी, पांढऱ्या भिंती, मध्येच कोणाच्या स्वयंपाकघरातून तळलेल्या कांद्याचा वास. छोट्या चौकात मार्कोसचा अर्धपुतळा समुद्राकडे तोंड करून आहे. वर त्याच्या नावाचं दोन-तीन खोल्यांचं संग्रहालय, त्याच्या वस्तू, छायाचित्रं. एका छायाचित्रातले त्याचे हात मी बराच वेळ पाहिले. रुंद, जाड पेरांचे, हमालाचे हात. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे त्यांना संधिवाताने गाठलं. तोवर लोकांची आवडही बदलली होती, तबकड्या थांबल्या होत्या, आणि हा माणूस तावेर्नांमधून वाजवून थाळी फिरवत होता.

त्याचं सगळ्यांत गाजलेलं गाणं याच बेटाचं : 'फ्रांगोसिरियानी', सिरोसची फिरंगी पोर. १९३५ मध्ये तो बऱ्याच वर्षांनी बेटावर आला आणि बंदरावर वाजवायला बसला. समोर एक काळ्याभोर डोळ्यांची मुलगी होती. वाजवताना मान वर करायची नाही अशी त्याची सवय, पण त्या दिवशी वर केली. तिचं नाव त्याला कधी कळलं नाही. गाण्यात तो तिला घेऊन बेटभर फिरतो : फिनिकास, गालिसास, देलाग्रात्सिया. १९६० मध्ये ग्रिगोरिस बिथिकोत्सिसने ते नव्याने गायलं आणि सगळ्या देशाच्या तोंडी झालं. मार्कोसला पुन्हा कामं मिळू लागली. १९७२ मध्ये तो गेला.

चौथ्या दिवशी परतायचं होतं, पण पहाटेपासून वारा सुटला आणि बोटी बंद झाल्या. बंदरातल्या माणसांनी खांदे उडवले, इथे हे नेहमीचंच. आम्ही पुन्हा वर चढलो. पायऱ्यांवरच्या एका कॅफेत मालकीणबाईंनी लुकुमीची बशी पुढे ठेवली. पिठीसाखरेत घोळलेल्या गुलाबी वड्या, या गावची खासियत. आत मालकाचा मुलगा फ्रांगोसिरियानी वाजवत बसला होता. ताईने त्याला खुणेनेच पुन्हा वाजवायला सांगितलं, आणि तिसऱ्या वेळी ती अगदी हलक्या आवाजात सरगम म्हणत होती. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मान वळवली असती तर ती थांबली असती.

दिवस पाचवा : पुन्हा अथेन्स, मग बस

सकाळच्या बोटीने पिरेअस, तिथून थेट अथेन्सची 'पहिली दफनभूमी'. संगमरवरी पुतळ्यांच्या रांगांमधून किरिया आम्हाला त्सित्सानिसपाशी घेऊन गेल्या. शेजारीच सोतिरिया बेल्लू आहे, तिच्याच इच्छेप्रमाणे.

त्सित्सानिस त्रिकाला गावचा, जन्म १९१५. कायदा शिकायला अथेन्सला आला आणि बुझुकीचाच झाला. मार्कोसच्या गाण्यातला चरस त्याने मागे ठेवला, सुरावट मोठी केली, आणि रेबेतिको अड्ड्यांतून घराघरांत नेलं. सेन्सॉरमुळे त्याला वळण लागलं, असं काही म्हणतात. मला वाटतं, तो मुळातच प्रेमाचा कवी होता. १९८४ मध्ये त्याच्या वाढदिवशीच, १८ जानेवारीला, लंडनमध्ये गेला. बेल्लूची कथा वेगळी. खर्जातला सरळसोट आवाज, जर्मनांविरुद्धच्या लढ्यात भाग घेतलेली बाई. १९४८ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, तावेर्नात गात असताना उजव्या टोळीच्या माणसांनी तिला मारहाण केली. तिने पुन्हा गायला सुरुवात केली आणि नव्वदीच्या दशकापर्यंत तिचं नाव मोठं राहिलं.

उजव्यांना हे गाणं तुर्की आणि गुन्हेगारी वाटे, डाव्यांतल्या पुष्कळांना ते हताश आणि नशेडी वाटे. ज्यांचं होतं त्यांनाच काय ते हवं होतं. ३१ जानेवारी १९४९ रोजी मानोस हाजीदाकिस हा तेवीस वर्षांचा संगीतकार अथेन्सच्या एका नाट्यगृहात उभा राहिला आणि शिकल्यासवरलेल्या लोकांपुढे रेबेतिकोवर भाषण केलं, मार्कोस आणि बेल्लूला समोर आणून वाजवायला-गायला लावलं. शहरात खळबळ उडाली. पण दार उघडलं ते उघडलं.

ताईने बेल्लूपाशी हातातली पाण्याची बाटली उघडली आणि तिथल्या कुंडीतल्या सुकलेल्या रोपाला पाणी घातलं. मग आम्ही किरियांचा निरोप घेतला. त्यांनी ताईला गालाला गाल लावून जवळ घेतलं. संध्याकाळची बस, थेस्सालोनिकीला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती.

दिवस सहावा : थेस्सालोनिकी

सकाळी चढण चढून येदी कुलेला गेलो. सात बुरुजांचा किल्ला, ग्रीकमध्ये एप्तापिर्गियो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याचा तुरुंग झाला तो थेट १९८९ पर्यंत. रेबेतिको गाण्यांत हे नाव वारंवार येतं. अरुंद कोठड्या, लोखंडी दारं, आणि अंगणातून वर बघितलं तर फक्त आकाशाचा चौकोन. राजकीय कैदी इथूनच गोळ्या घालायला नेले जात. बाग्लामास हे तुरुंगाचं वाद्य, कारण ते लपवता येतं आणि मिळेल त्या लाकडातून, भोपळ्यातून कोरता येतं.

खाली उतरताना वाद्यं बनवणाऱ्याचं एक दुकान लागलं. कारागीर आजोबांनी ताईची नजर पाहिली आणि भिंतीवरचा एक बाग्लामास काढून तिच्या हातात दिला. ओंजळीत मावेल एवढा पोटाचा भाग, एकाच लाकडातून कोरलेला, आतून छिन्नीच्या खुणा तशाच ठेवलेल्या. लांब बारीक मान. तीन जोडतारा, रे-ला-रे अशा लावलेल्या, बुझुकीच्या वरच्या सप्तकात. ताईने अंगठ्याने छेडलं, तर आवाज एवढा उंच आणि कोवळा की दुकानातलं मांजर उठून बसलं. आजोबांनी स्वतःचा कोट उघडून दाखवला : वाद्य काखेत, मान बाहीत. कोट मिटला. काहीच दिसेना.

दुपारी पाव्लू मेला रस्त्यावर चालत गेलो. जर्मन ताब्याच्या वर्षांत त्सित्सानिस या शहरात राहिला आणि याच रस्त्यावर त्याचं छोटं पेयगृह होतं. तबकड्यांचा कारखाना बंद, संध्याकाळी संचारबंदी, रस्त्यावर उपासमार. १९४३ मध्ये याच शहरातून चाळीस हजारांहून जास्त ज्यूंना आगगाडीने आउशवित्झला नेलं. रोझाचं बालपण याच शहरात ज्यांच्यात गेलं तेच लोक. त्या दिवसांत त्सित्सानिस गाणी रचून ठेवत होता. 'सिनेफियास्मेनी किरियाकी', ढगाळलेला रविवार, हे गाणं तेव्हाच सुचलं असं तो सांगे. तबकडी निघाली १९४८ मध्ये, त्साउसाकिस आणि बेल्लूच्या आवाजात. आज ग्रीसमध्ये ते कोणालाही म्हणायला सांगा.

रात्री वरच्या गावात एका तावेर्नात गेलो, सात-आठ टेबलं असतील. बुझुकी, बाग्लामास, गिटार, आणि गाणारी एक तरुण मुलगी, केस वर बांधलेले, डोळे मिटून गाणारी. मध्येच हासापिको झाला, खांद्यांवर हात टाकून तिघं-चौघं ओळीने नाचले. खाटकांच्या पेठेतला हा नाच. मग दोघांनी आपापली गाणी मागून घेतली आणि आळीपाळीने झेइबेकिको नाचले. तिथेही कोणी मध्ये गेलं नाही.

साडेबाराच्या सुमारास ताई उठली. मला वाटलं हात धुवायला चालली. ती वादकांच्या टेबलापाशी गेली आणि वाकली. त्सित्सानिसचं नाव आणि 'किरियाकी' एवढं मला ऐकू आलं. मुलीने मान डोलावली, मग काहीतरी विचारलं. ताईला कळलं नाही. गिटारवाल्याने इंग्रजीत विचारलं, कोणासाठी?

ताईने स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

ती येऊन माझ्याशेजारी बसली. पाठ खुर्चीला टेकवलेली, हात मांडीवर. बुझुकीने छोटा ताक्सिमी घेतला आणि नऊ मात्रा सुरू झाल्या. शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला तरुण, मघाशी दोनदा नाचलेला, ठेका ऐकून अर्धवट उठला. त्याने ताईकडे पाहिलं आणि परत बसला. मुलगी गात होती, टेबलांवरचे लोक ओठांतल्या ओठांत म्हणत होते. मधली फरशी गाणं संपेपर्यंत रिकामी होती.